गरम मोजलेले दहा रॉड

व्हिक्टरला त्यात मिळणार काय होतं, ते एकदा नीट पाहून घेऊ. राजस्थानातल्या तोफांच्या मैदानापर्यंत जाण्यायेण्याचं तिकीट, तेही कंपनीने काढलेलं. कापडी मांडवाखाली एक प्लास्टिकची खुर्ची. कंपनीचं नाव छापलेली टोपी. दुपारचं जेवण, बहुधा दालबाटी, जी त्याला नोकरीत असतानाही कधी पचली नव्हती. कानात घालायला कापसाचे दोन बोळे. त्यांतला डावा वाया जाणार, कारण तो कान नव्याण्णव सालीच सरकारजमा झाला होता. आणि या सगळ्याच्या शेवटी, सहाशे मीटरवरून, एका नव्या तोफेचा आवाज. उरलेल्या कानाने ऐकायचा.

एवढ्यासाठी एकाहत्तर वर्षांचा माणूस गेले आठ दिवस रोज दाढी करत होता.

आग्नेसच्या नजरेतून हे सुटणं शक्य नव्हतं. दीर आणि भावजय एकाच अंगणातल्या दोन घरांत चाळीस वर्षं राहिली की कोणाची खोकल्याची बाटली कधी संपते तेही दुसऱ्याला ठाऊक असतं. व्हिक्टरने पांढरा शर्ट गुरुवारी धुतला आणि शनिवारी पुन्हा धुतला. मध्ये तो अंगात घातलेलाच नव्हता. बॅग तर गावच्या चर्चच्या सणाच्या दुसऱ्या दिवसापासून भरलेली होती. भुईगावात त्याला सुभेदार म्हणत. तो निवृत्त झाला नायब सुभेदार म्हणून, पण ‘नायब’ गावाने परस्पर छाटून टाकलं होतं आणि त्यानेही कधी तक्रार केली नव्हती.

तोफेची वाट तो पंचवीस वर्षं पाहत होता. त्याची जुनी तोफ सतरा किलोमीटर मारायची. दोन्ही सीमांपलीकडे चाळीस-चाळीस किलोमीटर मारणाऱ्या तोफा येऊन जुन्याही व्हायला लागल्या, तरी आपल्याकडे निविदा, चौकशी, फेरनिविदा आणि पुन्हा चौकशी चालू होती. तेवढ्यात तोफखान्याच्या दोन पिढ्या घरी बसल्या. पेपरात तोफेची बातमी आली की व्हिक्टर ती कापून ठेवी आणि संध्याकाळी क्रुसाजवळच्या कट्ट्यावर दिल्लीतल्या फायली दाबून बसणाऱ्यांचा उद्धार करी. आता तोफ आली होती. आणि गंमत अशी की तिच्यातला एक भाग वसईतून, वालीवच्या औद्योगिक वसाहतीतल्या ‘तुस्कानो इंजिनिअरिंग’मधून जात होता. ते वर्कशॉप आग्नेसचा नवरा अँथनी याने एका लेथवर सुरू केलेलं. अँथनीला जाऊन नऊ वर्षं झाली. आता मुलगा नेल्सन ते चालवत होता. कंपनीचे निवृत्त कर्नलसाहेब पाहणीला आले, मालकाचे काका तोफखान्यातले हे त्यांना कळलं, आणि त्यांनी तिथल्या तिथे उन्हाळी चाचणीचं आवतण दिलं.

सोमवारी संध्याकाळी गाडी होती. म्हणून रविवारी, चर्चमध्ये मिस्सा आटोपल्यावर, आग्नेसकडे सगळ्यांचं जेवण.

सून प्रीतल सकाळपासून मैद्याचे गोल फुगे तळत होती. आग्नेसने डुकराचं इंद्याल केलं होतं, त्यात गेल्याच महिन्यात कांडून आणलेला बाटली मसाला. भात जिजाकडच्या तांदळाचा. ही जिजा खाडीपलीकडच्या गावातली, व्हिक्टरच्या पलटणीतल्या काळूरामची विधवा. दरवर्षी नव्या तांदळाची पिशवी न चुकता पाठवायची. काळूराम लढाईत गेला एवढंच घरात माहीत होतं.

“काका, टोपी घालून फोटो पाठवा हां,” प्रीतल म्हणाली. “शाळेत दाखवते. आमच्या पोरांना वाटतं मी थापा मारते.”

“टोपीत काय बघायचंय? तोफेचा पाठवतो.”

“तोफेचा फोटो काढू देतील का तुम्हांला? काढला तर तिथेच बसवून ठेवतील.”

“मला? सुभेदार तुस्कानोला?”

“नायब,” आग्नेस म्हणाली आणि व्हिक्टरच्या पानात दोन फुगे वाढले. भाताचा वाडगा तिने पुढे केला, तसा त्याने नेहमीप्रमाणे हात आडवा धरला. इतक्या वर्षांत त्याने या घरात भात खाल्ला नव्हता. लष्करात रोटीची सवय लागली, असं तो सांगायचा.

हिना अजून आली नव्हती. व्हिक्टरची एकुलती एक. तिची आई मेरी गेली तेव्हा पोर अकरा वर्षांची होती. तेव्हापासून तिच्या वेण्या, तिची पहिली पाळी, तिच्या दहावीच्या परीक्षेच्या सकाळचा उकडलेला अंडा-पाव, सगळं आग्नेसने केलं. मेकॅनिकलचा डिप्लोमा झाल्यावर नेल्सनने तिला वर्कशॉपमध्ये तपासणीला घेतलं. माल बाहेर जाण्याआधी मोजायचा आणि कागदावर सही करायची, हे तिचं काम. मुलगी इतकी काटेकोर की दादाने उतावीळपणे पाठवलेला जॉब दोनदा परत लावायची. नेल्सन चिडायचा, पण तिच्याच सहीमुळे कंपनीने गेल्या वर्षी मोठी सवलत दिली होती: तुस्कानोंचा माल आमच्याकडे पुन्हा मोजणार नाही, तुमची सही पुरे. वसाहतीत अशी सवलत मिळालेली तीनच वर्कशॉपं होती.

पाऊण वाजता हिना आली. चर्चच्या कपड्यांत, पण पायांत वर्कशॉपचे बूट.

“मिस्साला दिसली नाहीस,” नेल्सन म्हणाला.

“वालीवला गेले होते, दादा.”

“रविवारी?”

“अकरावा रॉड मोजायला.”

प्रीतलने ताट पुढे केलं, ते तिने तसंच ठेवलं. आग्नेस इंद्यालाच्या भांड्यात पळी घालून उभी होती. ती पळी तिने उगाच एकदा ढवळली.

तोफ सुटते तेव्हा तिची नळी जोरात मागे येते. तिला झेलून परत जागेवर आणायला तेलाचं यंत्र असतं. त्यात मागेपुढे होणारा रॉड, मांडीएवढा लांब नव्हे, चांगला पुरुषभर लांब, आरशासारखा घासलेला, तो वालीवहून जायचा. सणाच्या आदल्या दिवशी असे दहा रॉड टेम्पोतून गेले होते. त्यांतले दोन आता चाचणीच्या तोफेत बसले होते. एक जादा बनवलेला, तो रॅकवर राहिला होता.

“मोजला मग?” नेल्सनने विचारलं. “किती आलं?”

“अठरा मायक्रॉन कमी.”

“तो नगच खराब असेल. म्हणून तर ठेवला मागे.”

“त्या दिवशी बरोबर आला होता. दहाही आले होते. गरम होते, दादा. ग्राइंडिंगवरून उतरवले आणि तासाभरात मोजले. एसीच्या खोलीत रात्रभर ठेवायचे असतात, ते ठेवले नाहीत. गरम लोखंड जाडच दाखवणार. थंड झाल्यावर सगळे बारीक झाले असणार.”

“किती म्हणालीस? अठरा?” नेल्सनने दोन बोटांत आपल्या डोक्यावरचा एक केस धरला. “हा किती असतो माहितीये ना? सत्तर. याचा चौथा भाग! आणि तिकडे सत्तेचाळीस डिग्री ऊन आहे. तिथे रॉड परत फुगेल.”

“मग बाहेरचं सिलिंडर काय एसीत बसणार? तेही फुगेल.”

प्रीतल हसली, आणि नवऱ्याने पाहिल्यावर तिने ते हसू फुग्याबरोबर गिळलं.

“सीलमधून तेल येईल,” हिना म्हणाली. “आज नाही आलं तरी पन्नास राउंडनंतर येईल. कळवायला पाहिजे. गुरुवारी चाचणी आहे.”

आता नेल्सनकडे पाहायचं. हा काही वाईट माणूस नव्हे. बापाच्या एका लेथची त्याने अकरा मशीनं केली, गावातल्या चौदा पोरांना कामाला लावलं, आणि त्यातल्या एकालाही कधी रोजंदारीवर ठेवलं नाही. पण नेल्सन कंपनीच्या दारात राहिला तसं पाच वर्षं एखाद्या दारात उभं राहून माणूस शेवटी आत गेला, की कोणी ‘जरा बाहेर या’ म्हटलेलं त्याला ऐकू येत नाही. त्याने आवाज चढवला नाही. खुर्ची व्हिक्टरकडे वळवली.

“काका, तुम्ही सांगा. कळवलं तर ती तोफ मैदानावरून परत येते. नवे रॉड करायचे, बसवायचे, कारखान्यात पुन्हा मारून बघायची. तोवर उन्हाळा संपला. उन्हाळी चाचणी पुढच्या मे महिन्यात. एक वर्ष, काका. पंचवीस वर्षं तुम्ही कट्ट्यावर बसून सांगताय, फायली दाबल्या, दिवस घालवले, तिकडचे पुढे गेले. आता आपणच घालवायचं वर्ष?”

आग्नेसला मुलाचं कौतुक वाटलं. बरोबर जिथे दुखतं तिथेच बोट ठेवलं होतं त्याने.

व्हिक्टरने उजवा कान पुढे करून सगळं ऐकलं होतं. तो बराच वेळ फुग्याचे तुकडे करत राहिला.

“चाचणीत पहिल्या दिवशी थोडेच राउंड मारतात,” तो म्हणाला. “आठ-दहा. तेवढ्यात काही होत नाही.”

हिनाने बापाकडे पाहिलं. आग्नेसने तिचं ते पाहणं पाहिलं, आणि तिला मेरी आठवली. मेरीसुद्धा भांडायची नाही, नुसती अशी पाहायची. मग माणूस दोन दिवस घरात चुकल्यासारखा फिरायचा.

“बघ, काका म्हणतायत,” नेल्सन म्हणाला. “चाचणी होऊ दे. मग आपणच सांगू, पुढच्या लॉटबरोबर ते दोन बदलून देतो. गुपचूप. कोणाचंच नुकसान नाही.”

“आणि दुसऱ्या दिवशी किती मारतात, काका?” प्रीतलने विचारलं.

“काय?”

“पहिल्या दिवशी आठ-दहा. दुसऱ्या दिवशी?”

“तू मध्ये कशाला?” नेल्सन म्हणाला.

“मी शाळेत शिकवते रे. अर्ध्या उत्तराला मार्क देत नाही.”

इथे टेबलावरच्या बाजू बदलल्या, हे आग्नेसला चमच्यांच्या आवाजावरून कळलं. मघापर्यंत तीन विरुद्ध एक होतं. आता दोन-दोन झाले, आणि पाचवी ती स्वतः, जिला कोणी विचारलं नव्हतं आणि जिला कोणी विचारू नये असं फार वाटत होतं.

“आधी जेवन करा,” ती म्हणाली. “थंड होतंय सगलं. कोनाला इंद्याल?”

कोणालाच नको होतं.

“दुसऱ्या दिवशी शंभर,” व्हिक्टर म्हणाला. त्याने ताट थोडं दूर सारलं. “तिसऱ्या दिवशी तर मोजत नाहीत. बघायचंच असतं ना, कुठे मोडते ती.” मग जरा वेळाने, तोफेचा काही संबंध नसल्यासारखा, तो म्हणाला, “वहिनी, हा भात जिजाचा ना?”

“तिचाच.”

“मी खात नाही तो.”

“माहितीय. रोटीची सवय.”

“कसली रोटीची सवय? भात मला आवडतो.”

आग्नेसच्या हातातली पळी थांबली. चाळीस वर्षांत दिराचं पाठ नसलेलं असं काही निघेल, याची तिला कल्पना नव्हती.

“काळूरामला भरतीला मी नेलं,” व्हिक्टर सांगू लागला. तो कोणाकडे पाहत नव्हता. “त्याची आई पाया पडली होती माझ्या, सांभाळ म्हणून. नव्याण्णवला वर होतो आम्ही. चार दिवस तोफ थंडच झाली नाही. त्या तोफेचा नंबर वन मी. म्हणजे बंद करायची की मारायची, ते मी सांगायचं. चौथ्या दिवशी सकाळी नळीखाली तेल दिसलं. थेंब थेंब. तेल दिसलं की तोफ बंद, साहेबाला रिपोर्ट. हे मला झोपेतही पाठ. पण समोरच्या चढावर पोरं आमच्या माऱ्याच्या भरवशावर चढत होती, आणि बदली तोफ नव्हती. मी रुमाल काढला आणि पुसलं.”

प्रीतलने भाताचा वाडगा बाजूला सरकवला.

“तीनदा पुसलं. साहेब फेरीला यायच्या आधी तिसऱ्यांदा. अठ्ठावीस राउंड गेले त्यानंतर. एकोणतिसाव्याला नळी हातभर जास्त मागे आली. तिथे काळूराम होता.”

“पप्पा,” हिना म्हणाली.

“रिपोर्टात काय लिहिलं? तोफ जुनी, झीज झालेली. खोटं नव्हतंच ते, जुनीच होती. नवी आली असती तर काळूराम वाचला असता, हेही खरं. ते खरं मी पंचवीस वर्षं कट्ट्यावर सांगतोय. रुमालाचं कोणी विचारलं नाही. मग मीही बोललो नाही. आणि ती बाई मला तांदूळ पाठवते.”

नेल्सनने चेहऱ्यावरून हात फिरवला. त्याने काकांना लहानपणापासून कधी गणवेशाच्या मापापेक्षा कमी पाहिलं नव्हतं.

“फोन लाव,” व्हिक्टर म्हणाला. “त्या कर्नलला. आत्ता.”

“काका, रविवार आहे.”

“तोफखान्यात रविवार नसतो. लाव.”

नेल्सनने फोन काढला, पण लावला नाही; टेबलावर उलटा ठेवला. “लावतो. पण आधी एक ठरवायला लागेल. ते पहिलं विचारणार, असं झालं कसं? कारण लेखी द्यावं लागतं, नावासकट. एका माणसाच्या हातून चूक झाली असेल, तर ते सवलत काढतात. दोन वर्षं त्यांचा माणूस इथे येऊन मोजणार. चालेल, मरत नाही आपण. पण मालकानेच घाई करायला लावली, घरून सांगून तपासणी उरकून घेतली असं निघालं, तर पुरवठादारांच्या यादीतून आपलं नाव जातं. कायमचं. चौदा पोरं, अकरा मशीनं, सगळं.” तो हिनाकडे वळला. “मी त्या दिवशी पुण्याला होतो. मी तुला घाई कर म्हटलं नव्हतं. टेम्पो दुसऱ्या दिवशी गेला असता तरी चाललं असतं. मग तू का मोजलेस गरम?”

आणि आता ते आलं, जे येऊ नये म्हणून आग्नेस मघापासून इंद्याल ढवळत होती.

अँथनीच्या वेळची गोष्ट. सणाच्या आदल्या दुपारी लेथवर आग्नेल नावाच्या कारागिराची दोन बोटं गेली, तेव्हा अँथनीने चर्चमध्ये जाऊन नवस केला: दरवर्षी सणाच्या आदल्या दिवशी, बाराची घंटा झाली की तुस्कानोंच्या वर्कशॉपमधलं एकही मशीन चालणार नाही, एकही माणूस कामावर राहणार नाही. तो होता तोवर त्याने स्वतः मेन स्विच पाडला. तो गेल्यावर आग्नेस दरवर्षी अकराच्या सुमारास फोन करायची. सगळ्या वर्कशॉपमध्ये तिचं आता एवढंच चालत होतं, वर्षातून एक फोन, आणि त्या एका फोनसाठी ती सकाळपासून घड्याळ पाहत असे.

या वर्षी फोन हिनाने उचलला होता. “काकी, माणसं सोडते बाराला. पण मी थांबते. रॉड आत्ता उतरलेत, गरम आहेत, मोजायला उद्या दुपार होईल. टेम्पोवाल्याला पण उद्याच ये म्हणते.”

“आनि उद्या सन. सनाच्या दिवशी काम करनार तू? माल बाराच्या आधी बाहेर काढ. तुझ्या अँथनीकाकाने उन्हात बसून मोजलंय जन्मभर, त्याचा माल कंदी परत आला नाय.”

“काकी, हे वेगळं आहे.”

“नवस नवस असतो, बाय. मोज आनि सोड. मी फुलांच्या माला करत बसलेय, तुझ्यासाठी थांबलेय.”

पोरीने काकीचं ऐकलं होतं. जिने वेण्या घातल्या तिचं.

आता हिनाने एकदाच आग्नेसकडे पाहिलं. त्यात तक्रार नव्हती. एखादी चुलीवरचं भांडं उतरवायच्या आधी बघते ना, कोणी हात लावतंय का, तेवढंच ते पाहणं होतं. आग्नेसला बोलायला वेळ होता. नंतर तिने अनेकदा आठवून पाहिलं. चांगला वेळ होता, एक अख्खं वाक्य मावलं असतं. ‘मी सांगितलं तिला.’ तीन शब्द. समोर एकाहत्तर वर्षांच्या माणसाने नुकताच सगळ्यांदेखत रुमाल उलगडून दाखवला होता. पण नेल्सनचं वाक्यही अजून टेबलावरच होतं: घरून सांगितलं असं निघालं तर नाव कायमचं जातं. किती सोयीचं वाक्य. आग्नेसने ते पदराआड घेतलं.

“फुगे संपलेत,” ती म्हणाली. “आनते.”

आणि ती आत गेली.

स्वयंपाकघरातून तिला हिनाचा आवाज स्पष्ट ऐकू आला. “सण होता ना, दादा. मलाही घरी यायचं होतं. सही माझी आहे, नाव माझंच द्या.”

“अगं पण…” हा प्रीतलचा आवाज. मग तीही गप्प झाली. प्रीतलला काही कळलं होतं का? आग्नेसने तो प्रश्न तेव्हा बाजूला ठेवला. सून त्या दिवसापासून तिला ‘आई’ म्हणताना किंचित थांबू लागली, एवढं मात्र तिच्या लक्षात आलं.

“पोरी, विचार करून बोल,” व्हिक्टर म्हणत होता. “कागदावरचं पुसलं जात नाही.”

“तुम्हीच म्हणालात ना, पप्पा, सांगायचं म्हणून?”

व्हिक्टरला वाटत होतं ती खरं सांगतेय. आयुष्यात पहिल्यांदा त्याला मुलीचा एवढा अभिमान वाटला, तोही चुकीच्या गोष्टीसाठी.

नेल्सनने फोन लावला. टोपल्यात फुगे होते, चांगले पंधरा-वीस. आग्नेस ते ताटलीत एकेक करून मांडत राहिली, बाहेरचं बोलणं संपेपर्यंत.

तोफ मंगळवारी मैदानावरून निघाली. कंपनीने तिची चाचणी पुढच्या उन्हाळ्यावर ढकलली, आणि कर्नलसाहेबांनी व्हिक्टरला दोन ओळींचा निरोप पाठवला: आपल्या घराण्याने सैनिकासारखं वागून दाखवलं, पुढच्या वर्षी नक्की या. व्हिक्टरने तो तीनदा वाचला. पुढच्या वर्षी तो बहात्तरचा होईल, आणि उजव्या कानातही आता पहाटे शिट्टी वाजू लागली होती, हे त्याने कोणाला सांगितलं नव्हतं. बॅग त्याने रिकामी केली. एका रविवारी खाडीपलीकडे जिजाकडे गेला, तिच्या ओट्यावर तासभर बसला आणि परत आला. तिथे काय बोलणं झालं ते कळलं नाही. पुढे कधी तांदूळ येतो का, ते दिसेलच.

नेल्सनची सवलत गेली. दर लॉटला कंपनीचा एक पोरगेला इन्स्पेक्टर येऊन एसीच्या खोलीत बसू लागला, आणि नेल्सन त्याला चहा नेऊन देऊ लागला, स्वतः. वर्कशॉप मात्र राहिलं. चौदाही जण राहिले.

जुन्या तोफांमागे उभ्या राहणाऱ्या पोरांना आणखी एक वर्ष मिळालं, तसंच उभं राहायला. समोरच्याची तोफ कुठवर पोचते आणि आपली कुठवर, हे त्यांना पाठ असतं. वसईतल्या कुठल्या नवसापायी ते वर्ष लांबलं, हे त्यांना कधी कळणार नाही, आणि त्यांना कोणी विचारलंही नव्हतं.

हिनाला कंपनीच्या पत्राने संरक्षणाच्या कुठल्याही मालावर सही करायला मनाई केली. नेल्सनने तिला ऑफिसात बसायला सांगितलं. ती दोन आठवडे बसली. मग बोळिंजला एका बिल्डरकडे लागली. येणाऱ्यांना सॅम्पल फ्लॅट दाखवते, हॉल किती बाय किती ते सांगते. तिथे आकडा थोडा फुगवूनच सांगायचा असतो म्हणे. ती फुगवत नाही, म्हणून तिच्यावर तिथेही फार खूश नाहीत. अजूनही दर रविवारी आग्नेसकडे जेवायला येते, ‘काकी’ म्हणते, स्वतःचं ताट स्वतः धुते.

आणि आग्नेस. तिचं वर्कशॉप वाचलं, मुलगा वाचला, नवसही मोडला नाही. जूनमध्ये एका शनिवारी, आपल्या फादरना आवाज ओळखू येतो म्हणून, ती बसने आगाशीकडच्या चर्चमध्ये गेली आणि तिथल्या अनोळखी फादरांपुढे पापांची कबुली देताना तिने सगळं सांगितलं. फादर तरुण होते. त्यांनी प्रायश्चित्त म्हणून तीन नमो मरिया म्हणायला सांगितल्या, आणि घरी गेल्यावर त्या मुलीच्या बापासमोर आणि तुमच्या मुलासमोर हेच बोला, म्हणाले.

नमो मरिया तिने दहा म्हटल्या, घरी सांगितलं नाही. उरलेलं सगळं हिनाने भरलं.